थंड गंजीतला चटका

आग विनाकारण लागत नाही. तीस वर्षं फायर रिपोर्ट लिहिले, आणि कारणाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिणाऱ्या पोरांना मी चारचौघांत झापलंय. तेव्हा भुताखेताचं, चमत्काराचं माझ्यापाशी कोणी काढू नये... हे आधीच सांगून टाकतो. पण एका गोष्टीचा रिपोर्ट माझ्याच्याने आजवर पुरा झालेला नाही. तीच आज इथे लिहितोय.

मी आदिलाबादचा, घर शहरालगतच्या मावल्यात. वडील लवकर गेले. माय जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची. कापसाची आग फार लबाड — रचलेल्या ढिगाच्या, गंजीच्या पोटात तासन्‌तास धुमसते आणि वरून कापूस पांढराशुभ्र. म्हणून माय सकाळी आणि चहानंतर गंजीत कोपरापर्यंत हात खुपसायची, जरा थांबायची, मग हात काढून गंजीवर तीनदा थोपटायची. म्हणायची, "थंड हाय." त्यानंतरच बायका कामाला बसायच्या. हे काम तिला कोणी नेमून दिलेलं नव्हतं. मी फायर सर्व्हिसमध्ये गेलो तो तिच्यामुळेच.

नव्वदच्या आसपास दक्षिण ध्रुवाकडच्या एका संशोधन केंद्रावर वर्षभरासाठी फायरमन हवा होता. नाव दिलं, निवड झाली. मायला सांगितलं तर म्हणाली, "बर्फात काय जळते बाप्पा?"

तिकडे गेल्यावर कळलं, सगळंच जळतं. हवा कोरडीठाक, भिंती लाकडाच्या, आत फोम, जनरेटर चोवीस तास चालू. पाणी म्हणजे बर्फ वितळवून केलेलं, बादलीभर. केंद्र जळालं तर आम्ही सतरा जण उघड्यावर, आणि जहाज यायला दीड महिना! रोजचं काम मात्र कंटाळवाणं. आग विझवायच्या पावडरचे सिलिंडर तपासा, मागच्या दारावर साचलेला बर्फ फावड्याने काढा, दर दोन तासांनी भिंतींना हात लावत फेरी मारा आणि रजिस्टरमध्ये 'ठीक' लिहा. आचारी रोज विचारायचा, "साहब, आज कितनी आग बुझाई?"

सुरुवातीला मी उघडा हात लावायचो. गारठ्याने बोटं फुटली, तेव्हा हातमोजा घालूनच लावू लागलो. मायच्या पोराने अक्कल गहाण ठेवली म्हणा! मोज्यातून काय डोंबल कळणार? पण महिनोन्‌महिने काही घडलं नाही की माणूस ढिला पडतो.

दिवाळी होऊन गेलेली, नोव्हेंबरातला सोमवार. त्या दिवसांत तिकडे सूर्य मावळतच नाही. सकाळची अकराची फेरी संपवून 'ठीक' लिहिलं, चहाचा पेला उचलला — आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजल्यासारखा पोळला. चहा सांडला नव्हता. आणि नाकात वास... धुमसत्या कापसाचा. हा वास मी झोपेतही ओळखीन. त्या केंद्रात कच्चा कापूस औषधालाही नव्हता.

मला माय आठवली, आणि मोज्याची लाज वाटली. मोजा फेकला आणि उघड्या हाताने पुन्हा निघालो. पहिली भिंत गार. दुसरी गार. कोठीघराची भिंत, तेलाच्या डब्यांमागे... कोमट.

फळी उचकटली. आत वायर वितळून फोम धुमसत होता, धूर अजून बाहेर आला नव्हता. ओरडून जनरेटर बंद करायला लावला, डबे हलवले, पावडर मारली. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. आमचे लीडर विचारत होते, "तुम्हाला कळलं कसं?" मी म्हणालो, "वास आला." दुसऱ्या कोणालाच आला नव्हता. आचाऱ्याने त्या दिवशी माझ्यासाठी शिरा केला.

मायच्या जिवाला घोर नको म्हणून पत्रात मी यातलं अक्षरही लिहिलं नाही. पुढे घरी आलो, अजून बूट काढतोय तर ती म्हणाली, "काऊन रे, दिवाळीनंतर एका सोमवारी तिकडं काही जळून राह्यलं होतं का?"

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"चारचा चहा पिऊन आली," ती सांगू लागली, "गंजीत हात घातला, तं असा चटका बसला का मी बोंबललीच! समद्या बायकायनं गंजी उपसली. आतमंदी थंडगार. मुकादम म्हने, म्हातारी येडी झाली, उद्यापासून येऊ नको."

"मग?"

"मंग काय! मी म्हनलं, आग हाय दादा. इथं नसंल तं माह्या पोरापाशी असंल. दुसऱ्या दिवशी बायकाच अडल्या. म्हने, हिनं हात घातल्याबिगर आमी बसत नाई. घेतलं मुकादमानं परत."

केंद्रावरचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आमचे अकरा म्हणजे इथले साडेचार. मी हिशेब तीनदा केला.

डॉक्टर मित्र म्हणतो, नसांचा खेळ. असेल. पण मग मायच्या हाताला काय झालं होतं? आगीचं कारण मला ठाऊक आहे — वायर. पण आग लागलीय हे मला कोणी सांगितलं, तो रकाना अजून कोरा आहे, आणि तिथे 'अज्ञात' लिहायला हात धजत नाही.

त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. ऐकून ती जवळ आली, माझ्या छातीवर तळहात ठेवला, जरा थांबली, मग तीनदा थोपटलं.

"थंड हाय," म्हणाली, आणि भाकरी टाकायला उठली. मी मात्र तिथेच बसून रडलो.