गाऱ्हाण्यातली टीम

आमच्या मिठबावची क्रिकेट टीम तिच्या मालकाने उचलून दोडामार्गाला नेली. तिकडे म्हणे मैदान मोठं, स्पॉन्सर त्याहून मोठा. तेव्हापासून माझे काका, म्हणजे गावचे मानकरी, देवापुढे नारळ ठेवून कसलंही गाऱ्हाणं घालोत, शेवट ठरलेला: "बा देवा म्हाराजा, आमची टीम ज्येणी पळवून नेल्यान, त्येचो इस्कोट कर! त्येंका शून्यार आउट कर!" सगळे ओरडतात, "व्हय म्हाराजा!" लग्नाच्या गाऱ्हाण्यातसुद्धा. नवरा-नवरीचं काय ते देवाने नंतर बघावं.

यंदा ती टीम मालवणात फायनलला आली. आम्ही टेम्पो भरून गेलो, खास शिव्या घालायला. शेवटच्या ओव्हरला अंपायरने त्यांच्या बॅट्समनला आउट दिलं आणि टीम हरली. पण तो आउट नव्हताच! आंधळ्यालाही दिसलं असतं. अंपायरच्या अंगावर सगळ्यात आधी कोण धावलं? आमचे काका. त्यांना दोघांनी धरून आणावं लागलं.

परतताना टेम्पोत सुतक. मी म्हटलं, "काकानू, शेवटी देवान तुमचां ऐकल्यान."

काका उसळले, "मेल्या, त्येका कोणी सांगल्यान इतक्या मनार घेवक?"