भट्टीच्या पडद्यावरचं घड्याळ

एकटीनं करायला मिळालेलं माझं पहिलं काम म्हणजे घड्याळ लावणं. बेळगावातच, शहापुरातल्या घरून एका कारखान्यात निघाले तेव्हा जरा अपमानच वाटत होता. यासाठी का इंजिनिअर झाले मी?

कारखान्यात गिअर तापवून कडक करायची मोठी भट्टी होती. तिच्या शेजारी, बोटानं चालवायचा पडदा. माल आत कधी गेला, बाहेर कधी आला, हे त्यावरून कागदावर छापून यायचं. पण आठवडाभर प्रत्येक कागदावर कुठल्या तरी जुन्या सालातली तारीख पडत होती. गिऱ्हाईक माल घेईना.

रविवार होता, भट्टी थंड होती. ती चालवणारे कंग्राळीचे आप्पा मुद्दाम थांबले होते.

पडद्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलं, पासवर्ड घातला, तारीख भरली. मोबाईलवर मिनिट बदलायची वाट बघून ठीक अकराला बटण दाबलं. झालं काम, म्हणून बॅग उचलली.

"आक्का," आप्पा म्हणाले, "परत फिरलं की गं ते!"

पडदा पुन्हा जुन्या सालात. परत लावलं, मिनिटभरानं परत तेच.

"तुझं ऐकत न्हाय ते. दुसऱ्या कुनाचं तरी ऐकतंय."

आप्पा सहज बोलले, पण तेच खरं होतं. पडद्याला स्वतःची वेळ नव्हतीच. भट्टीचा सगळा कारभार लोखंडी कपाटातला कंट्रोलर बघायचा, आणि पडदा दर मिनिटाला त्याला वेळ विचारत होता. कपाट उघडलं. कंट्रोलरमधली बटणाएवढी बॅटरी संपली होती. वीज गेली की तो वेळ विसरत होता.

बाजारातून नवी बॅटरी आणून बसवली. या वेळी लॅपटॉप जोडून कंट्रोलरमध्येच वेळ भरली. मग पडद्याच्या पहिल्याच पानावर घड्याळाची चौकट ठेवली. सेकंद पळायला लागले. मिनिट गेलं, दोन गेली. पडदा फिरला नाही.

"आता लाईट घालवून बघू," मी म्हटलं आणि मेन स्विच खाली ओढला. पडदा काळा झाला, कपाटातले पंखे थांबले. सगळीकडं एकदम शांत झालं. आम्ही कॅन्टीनला जाऊन चहा घेतला, परत आलो. मी स्विच वर केला.

पडदा उजळला. मोबाईल शेजारी धरला. सेकंदसुद्धा तोच.

आप्पांनी नकळत हात जोडले. "सगळं बंद हुतं की गं. मग ह्ये मोजत कोन हुतं?"

बॅटरी, स्फटिक, त्याची कंपनं, सगळं मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण असं समोर कधी पाहिलं नव्हतं. आम्ही तिकडं चहा पीत बसलो होतो, आणि इथं बंद कपाटात, काळोखात, बटणाएवढ्या बॅटरीवर एक-एक क्षण मोजला जात होता. कुणी बघत नसताना. अंगावर काटा आला. दोघंही किती तरी वेळ नुसते सेकंद बघत उभे राहिलो.

सोमवारी कागदावर बरोबर वेळ आली, माल गेला. दुपारी आप्पांचा फोन.

"आक्का, घड्याळ लई झ्याक चाललंय. आकडं तेवढं मोठं करशील? भट्टीच्या दारातनं दिसंना झालंय."

दुसऱ्या दिवशी जाऊन अर्धा पडदा भरेल एवढे आकडे करून दिले.