जावयाच्या सर्फबोर्डचं भोक

गोंदिया जिल्ह्यात समुद्र नाही. हे मला जन्मापासून ठाऊक आहे. तरी कुडव्यातल्या माझ्या दारं-खिडक्यांच्या दुकानात मी लाकडी सर्फबोर्ड करायला घेतला.

कारण जावई! अक्षय मालवणकडे लोकांना लाटांवर उभं राहायला शिकवतो. लग्न ठरताना मी भर बैठकीत म्हणालो होतो, "फळीवर उभं राहाचं, हा काय धंदा होय?" तेव्हापासून आमची प्रीती फोनवर आईशी तासभर बोलायची आणि मला फक्त "बरे आहात ना?" एवढंच विचारायची. (जिव्हारी लागायचं, पण सांगणार कोणाला?) आणि एक दिवस खुद्द अक्षयचा फोन! "बाबा, जुन्या पद्धतीचा, हाताने केलेला लाकडी बोर्ड हवाय. तुम्ही कराल?"

मी ताबडतोब हो म्हणालो. फोन ठेवल्यावर बायकोला विचारलं, "कुसुम, सर्फबोर्ड कसा रायते?"

अक्षयकडून मोबाइलवर नकाशा आला. आतून पोकळ सांगाडा, वरून शिवण लाकडाच्या पातळ पट्ट्या. खाली इंग्रजीत दहा ओळी. आम्ही सुतार मापं वाचतो, ओळी वाचत नाही. दीड महिना रंधा मारला. बोर्ड असा गुळगुळीत झाला की माशी बसली तर घसरावी! फक्त एका टोकाला, नकाशाप्रमाणे, एक भोक होतं.

"अजी, हे भोक कायले?" कुसुमने विचारलं.

"जवायाची चूक होय. बोलाचं नाही, वाईट वाटते त्याले."

तीस वर्षांत भोक असलेला माल माझ्या दुकानातून गेलेला नाही. भुसा आणि सरस कालवून मी ते असं बुजवलं की नंतर मलाच सापडेना. वर जावयाची चूक पोटात घातली म्हणून दोन दिवस स्वतःवरच खूश होतो!

मे महिन्यात दोघं आले. चाचणी तिरोड्याजवळ, आमच्या गावच्या तलावावर. (तलाव आमच्या पूर्वजांनी बांधलेला. म्हणजे घरचाच समुद्र!) बोर्ड टेम्पोच्या टपावर बांधून भर दुपारी निघालो. अर्ध्या वाटेत वरून आवाज आला, "फट्!"

"टायर गया!" ड्रायव्हर उतरला. चारही टायर ठणठणीत. आम्ही पुढे निघालो.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अर्धं गाव जमलेलं. नारळ फुटला. अक्षय पाण्यात उतरणार, तोच मी म्हणालो, "थांबा जवाईबापू! बनवणाऱ्यानं पयले बसाचं."

बसलो. तरंगला! टाळ्या! दहा हात गेलो असेन, तर प्रीती ओरडली, "बाबा, तुम्ही खाली जाऊन राहिले!"

"लाट नाही म्हणून तसं वाटते!" मी ओरडलो. तोवर पाणी छातीला लागलं होतं. मग बोर्ड एकीकडे, मी दुसरीकडे. पाणी कमरेएवढंच, पण त्यात उभं राहायचं सोडून मी "वाचवा!" म्हणून बोंब मारली.

अक्षयने आधी मला ओढलं, मग बोर्ड. एक सांधा उकलला होता, आतून पाणी गळत होतं. त्याने बोर्ड उलटापालटा केला.

"बाबा, भोक कुठाय?"

"बुजवलं!" मी अजूनही ऐटीतच.

"उन्हात आतली हवा फुगते, बाबा. ती बाहेर पडायला ते भोक; पाण्यात जाताना त्याला बूच लावायचं. त्या दहा ओळी त्याबद्दलच होत्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "जवाईबापू," मी म्हणालो, "तुमचा धंदा मले तवाही समजला नाही, आताही नाही. चूक माहीच होय."

अक्षयला हसू आवरेना. प्रीती तर चिखलातच बसून हसली आणि मला ओल्या कपड्यांनिशी मिठी मारली. खरं सांगतो, तेव्हा तो बोर्ड बुडाल्याचा मला आनंदच झाला! आता ती फोन केला की आधी मलाच मागते.

पावसाळ्यात दुसरा बोर्ड करून मालवणला पाठवला. अक्षयचा फोन आला. "बाबा, एक नंबर! पण भोक एकच हवं होतं. चार का पाडलीत?"

"असू द्या जवाईबापू," मी म्हणालो. "या खेपेला कमी पडाले नको!"