रोबोटला रूह असते म्हणणारे मामू

माझ्या सख्ख्या मामूंइतका जपानवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या जेद्दात नसेल, आणि जपानला तर ते कधी गेलेलेच नाहीत. तरुणपणी समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर एका जपानी साहेबाची गाडी चालवायचे, त्या साहेबाने वाटेत सांगितलेल्या गोष्टी डोक्यात बसल्या त्या बसल्याच. आमच्याकडे जेवायला आले की सुरू. आधी म्हणे जपान्यांनी चंद्रावर जायच्या परदेशी गोष्टी आपल्या भाषेत आणल्या, मग स्वतःच समुद्राखालच्या लढाऊ बोटीची गोष्ट लिहिली, मग बॉम्ब पडला आणि त्या दुखण्यातून सिनेमात समुद्रातनं राक्षस वर आला. "भात-मासे खाणारी माणसं ती, बाय! मग आपल्या दापोलीत कोणी असं का नाही लिहिलं?" माझं सगळं लक्ष पोराच्या घासातल्या काट्याकडे. पोर रडलं की लोक खुळखुळा वाजवतात, मामू रोबोट सांगायचे. "गोऱ्यांचा रोबोट मालकावर उलटतो, जपान्यांचा दोस्त असतो, त्याला रूह असते, आपल्यासारखा जीव." पोर घाबरून गप्प, मी पुढचा घास भरवायची.

मामू शराफियाच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात होते, आणि तसल्या दुकानांत आता फक्त सौदीच बसतील असा कायदा आला, तरी मामू बसायचेच. माझे हे तिकडे तबूकला साईटवर, मामू गेले तर माझं इथे कोण? जिन्यात बूट वाजला तरी मी दाराची कडी बघून यायची. तपासणीवाले आले की अख्खी गल्ली शटर ओढून मागच्या दाराने पसार व्हायची. त्या दिवशी पण सगळे पळाले, मामू नाही, कारण समोर गिऱ्हाईक होतं आणि रोबोटची रूह अर्ध्यावर होती. ते गिऱ्हाईकच तपासणीवाला! तो लहानपणी अरबीत बोलणारी जपानी कार्टूनं बघून मोठा झालेला. त्याने सगळं ऐकलं, मामूंची एक चूक पण सुधारली, आणि मग म्हणाला, इकामा दाखव, इथे राहायचा परवाना.

"पळायचं ना मामू!" मामूंनी हे सांगितलं तशी मी रडायलाच लागले.

"अगं बाय, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मधेच उठून गेलं नाही. मी कसा पळू?"

खलास. ज्याच्या नावावर मामूंचा व्हिसा, त्या कफीलने कायमचं परत पाठवलं.

काल गावाहून फोन आला. मी विचारलं, तिकडे कुणाला सांगता आता जपानचं?

"नाही सांगत गं. इथे सगळे एवढंच विचारतात, परत कधी जाणार."

मी म्हटलं, मग मला सांगा ना मामू, रोबोटचं. फोन बराच वेळ दोघांनीही ठेवला नाही.