चिंचोक्यांचे ढीग

शाळा तपासायला डिपुटीसाहेब आले, तशी बेलापूरजवळच्या शाळेतल्या दीनाबाईंनी पोरांना घाईनं रांगेत बसवलं. पहिलीच्या मुलांना दहापर्यंतचे पाढे आले नाहीत, तर त्यांची नोकरी जाणार होती, आणि घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं.

साहेबांनी नेमकं पहिलीतल्या घाबरट ठकूलाच उठवलं. "चार त्रिक किती गं?"

ठकूनं खाली बसून ओच्यातल्या चार-चार चिंचोक्यांचे तीन ढीग मांडले आणि मोजले. "बारा!"

"पाढा येत नाही वाटतं?" साहेब गुरकावले.

"येतोय की! पर बाई म्हंत्यात, भ्या वाटलं की पाढा पळून जातो. मंग मांडून बगायचं."

साहेबांना हसू आलं. "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

दीनाबाईंनी पदर घट्ट ओढून घेतला. पदराखालच्या घामेजल्या मुठीत त्यांचे स्वतःचे चिंचोके होते.