चुलीच्या तीन दगडांची साक्ष

आता घरातली मुलं कुठं फिरायला निघाली की आधी लॉज कसला आहे, त्याला किती तारे आहेत ते बघतात. तारे कोण देतं, असं मी विचारलं तर हसतात. मला हसू येत नाही. आपल्या मालकीच्या जागेला कुणी वाईट म्हणत नसतं.

स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. तेव्हा तापीकाठचे आमच्यासारखे शेतकरी घर सोडून जायचे ते जत्रेला किंवा औषधाला. उतरायच्या जागा ठरलेल्या. डाकबंगला साहेबलोकांचा, त्याच्या फाटकाशी गाडीसुद्धा उभी करू देत नसत. तीर्थाच्या गावी पुजाऱ्याच्या घरची खोली मिळे, पण पुजारी जात विचारून मग खोली दाखवायचा. देवळाच्या ओवरीत ऊन आणि कुत्री. राहिली धर्मशाळा. ती चांगली की वाईट हे बायका चुलीवरून ओळखत.

ही खूण मला सासूनं शिकवली. धर्मशाळेत तीन दगडांची चूल असायची. निघताना स्वयंपाक करणारी बाई ती सारवून जायची. जागा चांगली असेल तर तिन्ही दगड उभे ठेवायचे. ढेकूण, उंदीर असला त्रास असेल तर एक पाडायचा. राखणदार बरा नसेल तर दोन. तिन्ही पाडलेले दिसले तर तिथलं पाणी तोंडाला लावायचं नाही, गाडी पुढं हाकायची. पुरुषांना यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्यावरही एखादा सरपंच बसवला असता.

त्या वर्षी कापूस निघाल्यावर सासूला डोंगराच्या पायथ्याच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर न्यायचं ठरलं. तिच्या अंगाला खरूज होती. बैलगाडीत सासू, नवरा, मी आणि माझी आठ महिन्यांची मुलगी. मला दूध राहिलं नव्हतं, पोरगी तांदळाच्या पेजेवर होती. पेज म्हणजे पाणीच. आदल्या वर्षी माझा थोरला मुलगा जत्रेतल्या पाण्यानं दोन दिवसांत गेला होता. तेव्हापासून कुणी पाणी पुढं केलं की मी आधी भांडं बघायची, मग देणाऱ्याचं तोंड.

म्हसावद गाव मागं पडलं आणि दुपारी एका धर्मशाळेशी पोचलो. कौलारू, नुकताच चुना दिलेली. दारावर पाटी होती. मी चार इयत्ता शिकलेली, म्हणून मोठ्यानं वाचली: ‘यात्रेकरूंची उत्तम सोय’. नवऱ्यानं लगेच बैल सोडले. सासूला नीट दिसत नव्हतं. ती गाडीतूनच म्हणाली, “चूलना दगड कितला उभा शेतस?”

मी आत जाऊन आले. “तिन्ही उभा शेतस, आत्याबाई. सारवेल बी शे.”

ती निवांत उतरली. मी पेजेचं पातेलं घेऊन चुलीपाशी बसले आणि तिथं माझा हात थांबला. दगडांची काळी बाजू बाहेर होती. जिनं जन्मात एकदा तरी रांधलं आहे ती असे दगड मांडणार नाही. जाळ आत असतो, काजळी आतच धरते. सारवणाचे हातही सरळ रेघांत ओढलेले, भिंतीला चुना द्यावा तसे. ही चूल कुणा बाईनं मांडलेली नव्हती.

मी राखणदाराला विचारलं. बुटका, तोंडानं गोड माणूस. म्हणाला, “मीच मांडस, बाई. बाया पाडी जातस. इतली चांगली चूल, पाडीसनी काय भेटस त्यासले?”

त्याला खरंच ठाऊक नव्हतं, का तो वेड पांघरत होता, हे मला आजही सांगता येत नाही. मी विचारलं, “कितला दगड पाडतस?”

“सगळाच.”

मी विहिरीवर गेले. पाणी वर काढलं तर स्वच्छ दिसलं, वासही नव्हता. तसं तर जत्रेतलं पाणीही स्वच्छ होतं. विहिरीच्या ओट्यावर फडकी वाळत घातली होती. झऱ्यावरून परतणारी खरजेची माणसं अंगाची फडकी इथंच धूत. मी ओट्यावर तांब्या रिकामा केला. पाणी बाहेर न जाता कडेच्या भेगेकडे वळलं आणि आत विहिरीत ठिबकताना ऐकू आलं.

परत येऊन सांगितलं, इथं राहायचं नाही.

नवरा म्हणाला, “बैल थकी ग्यात. चार बुकं शिकनी म्हनीन आते धर्मशाया तपासाले लागनी का?”

सासू म्हणाली, “दगड उभा शेतस ना? मंग?” दगडांवर तिचा विश्वास होता, माझ्यावर नव्हता. पोरगी भुकेनं रडत होती. राखणदार भरलेली घागर घेऊन दारात उभा होता.

मी उठले आणि तिन्ही दगड पायानं पाडले.

सासू म्हणाली, “चूलले पाय लावा तू?”

“हा, लावा. ती चूल नही शे. दगड हात लाईसनी देखा, काजळी बाहेर शे.”

ती वाकली, हातानं दगड चाचपले, काळी झालेली बोटं नाकाशी नेली. मग नवऱ्याला म्हणाली, “बैल जुप.”

कोसभर पुढं एका पावरा आदिवासी कुटुंबाची झोपडी होती. त्या बाईनं नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी आणून दिलं. सासूनं पोरीची पेज त्या पाण्यावर होऊ दिली, पण स्वतः त्यांच्या घरचं म्हणून घोटभरही घेतलं नाही. खराब पाणी चालणार होतं, पावऱ्यांचं चालत नव्हतं. आम्ही असेच होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वाटेत तहान सोसेना, तेव्हा बरोबर घेतलेलं तेच पाणी प्यायली आणि कुणाला सांगू नका म्हणाली.

मुलगी जगली. पाण्यामुळे की आपोआप, मी पैजेवर सांगणार नाही.

सात दिवसांनी परतताना सासूनं स्वतःच त्या धर्मशाळेशी गाडी थांबवली. चूल पुन्हा उभी होती, सारवलेली. मी वाकून बघितलं. या वेळी काजळी आतल्या बाजूला होती.

राखणदार दारात हसत उभा होता. मी त्याच्याशी बोलले नाही. तांब्या घेऊन विहिरीवर गेले आणि ओट्यावर ओतला. पाणी त्याच भेगेतून आत गेलं. माणूस दगड नीट मांडायला शिकला होता, भेग मात्र बुजवली नव्हती.

मी येऊन सासूला तेवढंच सांगितलं. ती माझा खांदा धरून चुलीपाशी आली आणि काठीनं एकेक करून तिन्ही दगड पाडले.