वेस्लीचे दोन रकाने

वेस्ली पेनगेली बोलायला इतका कंजूष, की चर्चमध्ये उभं राहून लग्नाला होकारसुद्धा त्याने मान हलवून दिला होता. पाद्रीबाबांना प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागला, आणि पहिल्या बाकावरची सासू तेव्हाच म्हणाली, "बरं झालं, भांडणाला दोघं लागतात." पस्तीस वर्षं तो कार्न बेच्या धान्यकोठारापाशी वजनकाट्यावर बसला. बार्लीचा भरलेला ट्रक आला की एक आकडा, रिकामा होऊन निघाला की दुसरा, पहिल्यातून दुसरा वजा, चिठ्ठी फाडली, "पुढचा!" एवढंच त्याचं दिवसभराचं भाषण.

त्याच्या वाटचं सगळं बोलणं एल्व्हाकडे गेलं होतं. ती बाई सुईत दोरा ओवता ओवता तीन घरांच्या बातम्या काढून घ्यायची. आणि तिचा खरा मोसम म्हणजे नाताळपासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस, कारण तेव्हा सगळे खाडीवर तंबू ठोकून राहायला यायचे. तिकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो. दर उन्हाळ्यात तीच कुटुंबं, तीच रांग, ज्याची त्याची ठरलेली जागा. पेनगेलींची सतरा नंबरची. त्या रांगेत बाकी नळांना खारट बोअरचं पाणी. चहापुरतं गोडं पाणी फक्त सतराच्या नळाला. एल्व्हाची घडीची खुर्ची त्या नळापासून हातभर अंतरावर. बादली भरायला दोन मिनिटं लागत आणि एल्व्हाच्या तावडीतून सुटायला वीस. कुणाची सून रुसली, कुणी दारू सोडली, कुणी सोडल्याचं नुसतं सांगितलं, हे सगळं त्या नळावर कळे. एकोणचाळीस उन्हाळे हे असं चाललं.

मग तिच्या छातीने दगा दिला. हिवाळ्यात डॉक्टरांनी घरी प्राणवायूचं यंत्र बसवलं आणि वेस्लीला बाजूला घेऊन सांगितलं, की पुढच्या वर्षाचे बेत फारसे करू नका.

ॲडलेडहून मुलीचा, कॅरिनचा फोन आला. "बाबा, आईला त्या बुटक्या खाटेवर झोपवणार आहात का? आणि रात्री उठून शंभर पावलांवर संडास? तिथेच वर टेकाडावर ते ग्लॅम्पिंगचे तंबू झालेत ना, ते घ्या. पेन्शनवाल्यांना स्वस्तात देतात."

ग्लॅम्पिंग म्हटलं की खालची सगळी रांग, आणि सगळ्यांत जास्त शेजारच्या तंबूतला क्लॅरी, नाकं मुरडायची. तंबूत पलंग टाकायचा, गालिचा अंथरायचा, दोरीला दिव्यांची माळ गुंडाळायची आणि वर म्हणायचं, आम्ही रानात राहून आलो! त्यातून हे स्वस्तातलं, म्हणजे गालिचा सेलमधला आणि निम्मे दिवे बंद.

वेस्लीने टेलिफोनच्या वहीचं एक पान फाडलं आणि मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिलं: पलंग उंच. संडास आतच. यंत्राला वीज. स्वतःचा गोड्या पाण्याचा नळ. वारा. उजवीकडे लिहिलं: चढ. क्लॅरी हसेल. खेकडे उकडायला जागा नाही. सतरा नंबर जाईल. शेवटची गोष्ट सोपी नव्हती. ऑगस्टअखेर नाव नोंदवलं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला मिळे, आणि ती यादी एवढी लांब, की सोडलेली जागा परत मिळाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

तीन दिवस तो त्या पानासमोर बसला. मग ते एल्व्हापुढे ठेवून म्हणाला, "काही राहिलं का?"

तिने चष्मा लावला. डावा रकाना वाचला, उजवा वाचला. मग नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ आता तिला उचलून न्यायच्या लायकीची राहिलेली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "घे तो पलंग."

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी ते टेकाडावर आले. खोटं कशाला सांगा, पलंग झकास होता. एल्व्हा पहिल्या रात्री पाच तास सलग झोपली. सकाळी वेस्लीने तिला दाराशी खुर्चीत बसवलं. खाली अख्खी रांग दिसत होती. मैत्रीण ग्वेन्डाची लाल टोपी, क्लॅरीची होडी, सतरावर आलेल्या नव्या लोकांची भलीमोठी गाडी, नळावर वाकलेली माणसं. दिसत सगळं होतं, ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. एल्व्हासारख्या बाईला याहून मोठी शिक्षा देवालाही सुचली नसती.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी एल्व्हाने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आणलेला केक न कापताच पुन्हा झाकून ठेवला.

त्या रांगेचा एक अलिखित नियम होता. नळावर यायला बोलावणं लागत नसे. पण कुणाच्या तंबूच्या दाराशी बोलावल्याशिवाय जायचं नाही. टेकाडावर तर सगळी दारंच दारं. खाली सगळे म्हणत होते, "पैसे भरून निवांतपणा घेतलाय बिचारीने, कशाला छळायचं?" आणि वर एल्व्हा म्हणत होती, "खबरदार वेस, कुणाला बोलावलंस तर! आजारी बाईला बघायला म्हणून आलेलं माणूस मला नको. यायचं तर आपणहून यावं."

वेस्लीने ऐकलं. स्वतःचा नळ असताना तो बादली घेऊन टेकाड उतरला, बातम्या आणायला. आयुष्यात ज्याने हवामानापलीकडे चौकशी केली नाही असा हा गडी!

"ग्वेन्डाच्या मुलीचं काहीतरी झालंय," परत येऊन त्याने सांगितलं.

"काय झालंय?"

"बाळ."

"झालंय की व्हायचंय?"

"ते नाही विचारलं."

"मुलगा का मुलगी, हे तरी?"

"एल्व्हा, मी बादली भरत होतो."

"चाळीस वर्षं माझ्याशेजारी बसून तू शिकलास काय रे म्हाताऱ्या?" ती हसली, आणि हसता हसता खोकली, आणि खोकला थांबेपर्यंत वेस्ली तिची पाठ धरून बसला.

नवव्या दिवशी त्याला आणायला काहीच नव्हतं. सतरावरच्या नव्या लोकांनी वाऱ्याला आडोसा म्हणून नळाच्या बाजूने कापड लावलं होतं. माणसं आता पाणी भरत आणि निघून जात. रिकाम्या हाताने चढ चढताना वेस्लीला तिचा चेहरा दिसायला लागला. आणि या माणसाने, ज्याच्या चिठ्ठीत कधी किलोचा फरक सापडला नव्हता, त्याने आयुष्यातली पहिली थाप मारली.

"क्लॅरी आणि ग्वेन्डाचं जमलंय."

एल्व्हा उशीवरून उठून बसली. "आपला क्लॅरी? आणि विधवा ग्वेन्डा? कुणी सांगितलं?"

"नळावर." घाम पुसत तो पुढे म्हणाला, "तिच्यासाठी त्याने मिशी काढली. लग्न करणारेत."

एल्व्हा त्याच्याकडे पाहत राहिली. मग पलंगाखालच्या पिशवीतून तिने दोन हिवाळे विणत आणलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ काढला. "हा ग्वेन्डाला दे. म्हणावं, लग्नाची भेट, एल्व्हाकडून. आत्ताच्या आत्ता जा."

"उद्या गेलो तर..."

"आत्ता."

तो टेबलक्लॉथ घेऊन उतरताना वेस्लीचे पाय भरलेल्या ट्रकसारखे जड झाले होते. ग्वेन्डा खेकडे धूत होती. "हे काय?" तिने विचारलं. एक थाप मारल्यावर दुसरी कशी मारायची याचा त्याला काहीच सराव नव्हता. त्याने सगळं कबूल केलं.

"माझं? त्या क्लॅरीशी? तो वर्षातून दोनदा मोजे बदलतो!" ग्वेन्डाने हात पुसले, लाल टोपी डोक्यावर दाबली आणि तरातरा चढ चढायला लागली. वेस्ली मागून धापा टाकत. "एल्व्हा पेनगेली!" ती लांबूनच ओरडली. "गावभर माझी लग्नं लावतेस, तुला..."

दाराशी ती थांबली. त्या मोठ्या उंच पलंगावर एल्व्हा एवढीशी दिसत होती. नाकाला नळी. मनगटं वाळलेली. गेल्या उन्हाळ्यानंतर ग्वेन्डाने तिला पाहिलंच नव्हतं.

"तुला काय?" एल्व्हाने विचारलं.

ग्वेन्डाने टोपी काढली. "तुला मी स्वतः सांगणार होते," ती म्हणाली. "या वेस्लीच्या पोटात काही राहत नाही."

"अंगठी दाखव."

"घट्ट होत होती. बदलायला दिलीय."

"क्लॅरीला म्हणावं, खिसा जरा सैल सोड."

मग ग्वेन्डा दाराबाहेर गेली आणि कोठारापर्यंत ऐकू जाईल अशी हाक खाली मारली. अर्ध्या तासात रांगेतली निम्मी माणसं टेकाडावर. कुणी गालिच्यावर बसलं, कुणी थेट पलंगावर. केक कापला. क्लॅरीचं जो तो अभिनंदन करत होता आणि तो बिचारा खालचा ओठ लोंबवून विचारत होता, "पण माझं ठरलंय काय?" ग्वेन्डाने त्याला एक चिमटा काढला आणि तोही म्हणाला, "हो हो, ठरलंय." एल्व्हाला बोलायला श्वास पुरत नव्हता. ती एकेकाचा हात धरून नुसतं ऐकत होती. ऊन उतरेपर्यंत ऐकत होती.

सगळे गेल्यावर वेस्ली कप गोळा करत होता.

"वेस," ती म्हणाली. "क्लॅरीला मिशी कधी होती रे?"

त्याने कप खाली ठेवले. "मग तू टेबलक्लॉथ..."

"ग्वेन्डा भडकल्याशिवाय चढ चढणारी बाई नाही." एवढं बोलून ती दमली. "मी बोलावलं नाही हं. ती आली."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे तिला धाप लागली ती थांबेना. रुग्णवाहिका आली. टेकाडाचा रस्ता मागच्या अंगाने असल्यामुळे रांगेला कळलंसुद्धा उशिरा. दोन दिवसांनी गावच्या इस्पितळात ती वारली.

सामान आवरायला वेस्ली टेकाडावर आला तेव्हा ग्वेन्डा आधीच तिथे होती. चादरी काढून ठेवायचं काम तिथल्या कामाच्या बायकांचं, पण ती पलंगावरची चादर ओढत होती. डोळे सुजलेले होते आणि आवाजात राग होता.

"नऊ दिवस, वेस! एक हाक मारायची होतीस. एक!"

"ती नको म्हणाली होती."

"आणि तू ऐकलंस? चाळीस वर्षांत बायकोचं ऐकलं नाहीस, आणि ऐकलंस ते हे?"

वेस्लीने उशी उचलून खुर्चीवर ठेवली. मग म्हणाला, "मी रोज नळावर येत होतो, ग्वेन्डा. तू रोज विचारायचीस, ती कशी आहे. मी सांगायचो, बरी आहे. आणि तू तंबूत परत जायचीस."

ग्वेन्डाने चादरीची दोन टोकं त्याच्याकडे फेकली. त्याने ती पकडली, आणि दोघांनी चादरीची घडी घातली. टोकं जुळेनात म्हणून उलगडली, आणि पुन्हा घातली.